गळतीवाल्याच्या नजरेतून बोगदा

कोकणात नवं घर बांधलं की चार पावसाळ्यांत स्लॅबवर पत्र्याची शेड चढतेच. ती चढू नये म्हणून लोक मला बोलावतात. मी खेडात वॉटरप्रूफिंगची कामं करतो. (मी येऊन गेल्यावरही शेड चढते असं काहीजण सांगतील, त्यांचं ऐकू नका.)

त्यामुळे भाच्याने मुंबईत कोस्टल रोडच्या बोगद्यातून नेलं, तेव्हा तो गाडीच्या पिकअपबद्दल बोलत होता आणि मी सांधे बघत होतो. "मामा, छताला काय लागलंय?" म्हणाला. लागलेलं नव्हतं, तेच तर बघायचं होतं.

हा बोगदा ११ जानेवारी २०२१ ला प्रियदर्शिनी पार्कच्या बाजूने खणायला घेतला. मशीनचं नाव 'मावळा', तोंडाचा व्यास १२.१९ मीटर. मलबार हिलच्या पोटातून २.०७ किलोमीटर जाऊन १० जानेवारी २०२२ ला ते गिरगाव चौपाटीजवळ निघालं. मग तिथूनच उलटं तोंड करून दुसरा बोगदा, तो मे २०२३ मध्ये आरपार झाला. तयार बोगद्याचा आतला व्यास ११ मीटर. म्हणजे कापलेला खडक आणि आपल्याला दिसणारी भिंत यांत चहूबाजूंनी साठेक सेंटीमीटर. सगळी करामत तेवढ्या जागेतली. मशीनच्या मागोमाग काँक्रीटचे बाकदार सेगमेंट जोडून कडं उभं करायचं, सेगमेंटच्या कडांना रबरी गास्केट, आणि कड्यामागची पोकळी ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, गच्च भरायची. ती पोकळी नीट भरली नाही तर पाणी मागच्या मागे हिंडतं आणि मूळ जागा सोडून भलतीकडे डोकं काढतं. स्लॅबचंही तसंच. ओल हॉलमध्ये दिसते, भेग असते टाकीखाली.

मार्च २०२४ मध्ये वरळीकडून मरीन ड्राइव्हकडे जाणारी बाजू सुरू झाली आणि मे महिन्यात सांध्यांतून पाणी झिरपलं. लोकांनी थट्टा केली. मला मात्र महिना महत्त्वाचा वाटला. मेमध्ये पाऊस कुठला? म्हणजे ते जमिनीतलं पाणी. आणि खरं तर मेमध्ये दिसलं हे बरंच झालं, कारण कोरड्या दिवसांत झिरपा कुठून येतो ते धरता येतं, जुलैत सगळंच ओलं. पॉलिमर ग्राउटिंग करायचं ठरलं. म्हणजे पातळ रसायन दाबाने आत सोडायचं, भेग भरेपर्यंत. आम्हीही हेच करतो, पंप तेवढा लहान.

आमच्या पट्ट्यात या गोष्टीचं कोणाला नवल नाही. कोकण रेल्वेचा गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीतला. त्याने बांधतानाच दमवलं, गाडी पूर्ण मार्गावर धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. ऑगस्ट २०२० मध्ये त्याचीच भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये आत चिखलपाणी शिरून गाड्या अडकल्या. मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडी घाटातला नवा बोगदा २०२३ च्या गणपतीआधी एका बाजूने उघडला, तोही पावसात गळतोच.

पण कशेडी आणि मलबार हिल एका मापाने मोजू नयेत. कशेडी डोंगरात उंचावर आहे. तिथे भिंतीमागचं पाणी पाइपाने गटारात घेतलं की उताराने आपोआप निघून जातं, आणि माझ्या मते तिथे थेंब अडवत बसण्यापेक्षा वाट देणंच स्वस्त. मुंबईचा रस्ता समुद्रसपाटीच्या खाली उतरतो. तिथे आत आलेलं पाणी पंपाने उपसूनच वर काढायला लागतं, आणि पंपाला वीजही लागते, माणूसही.