मटणाविना रविवार

कोल्हापुरात रविवारी मटण नाही म्हणजे घरात सुतकच! पण बाबांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय, म्हणून आज पाकिटातला सोयाचा 'खिमा' केला. भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरची चटणी, वर लालभडक कट. बाबांनी पहिला घास बराच वेळ चावला. मग म्हणाले, "रस्सा झक्कास. मटण कुठं गेलं?"

२०२० च्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात ३६ जणांनी ८ आठवडे मांस, ८ आठवडे वनस्पतिजन्य 'मांस' खाल्लं. दुसऱ्यात एलडीएल साधारण १० अंकांनी कमी. (पैसा असलंच 'मांस' विकणाऱ्या कंपनीचा, हेही खरं.)

जेवण झाल्यावर पाकिटामागचा मिठाचा आकडा वाचला आणि दचकले. बाबांना बीपीही आहे. पुढच्या रविवारी अख्खा मसूर. अजून सांगितलेलं नाही त्यांना.