फोर-व्हील लागेना

उमरेड रोडवरच्या आमच्या शेतात काळी माती भिजली की फोर-व्हीलशिवाय, म्हणजे चारही चाकांना ताकद दिल्याशिवाय, पिकअप हलत नाही. परवा फोर-व्हीलचा नॉब फिरवला, तर त्याचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. वाडीचा मिस्त्री म्हणाला, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) उघडू. मी म्हटलं, भाऊ, थांबा जरा. चिखलात मागची चाकं गरगरत असताना पोराने खाली वाकून पाहिलं होतं: पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढे ताकद नेणारा दांडा) फिरत होता, पुढची चाकं मात्र ढिम्म. म्हणजे ताकद पुढे येत होती, ती चाकांना जोडणारे हब लागत नव्हते. आमच्या गाडीत ते व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतून हवा ओढून, लागतात. इंजिनमागची ती रबरी नळी दाबली. कडक झालेली, जोडापाशी बारीक चीर. नागपूरचं ऊन रबराला सोडत नाही. नवी नळी टाकली, दिवा स्थिर झाला. तपासायला मात्र मातीतच न्या. कोरड्या डांबरावर वळताना गिअरांवर फार ताण येतो.