तासाचे पन्नास रुपये

मी नर्स आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. नाशिकला सातपूरच्या एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षं आयसीयूत आहे. घर नाशिकरोडला. जाण्यायेण्यात दिवसाचे दोन-अडीच तास जातात आणि लेक तीन वर्षांची आहे. घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या 40 खाटांच्या हॉस्पिटलात आयसीयूची जागा निघाल्याचं कळलं, तेव्हा नाइट करून तशीच इंटरव्ह्यूला गेले. सध्या 23 हजार मिळतात. हजार-दोन हजार कमी असले तरी घ्यायची नोकरी, असं वाटेत ठरवलं होतं.

मेट्रन मॅडमनी, म्हणजे तिथल्या मुख्य नर्सनी, अर्धा तास बारकाईनं विचारलं. व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म वाजला तर आधी काय बघशील, पंपवरची, रक्तदाब टिकवून धरणारी नॉरअ‍ॅड संपत आली तर काय करशील. शेवटी म्हणाल्या, "अशीच मुलगी हवी होती." आणि मला पगाराचं बोलायला प्रशासनाच्या सरांकडे पाठवलं.

त्यांनी माझी फाइल उघडलीही नाही. "साडेपंधरा हजार. ड्यूटी बारा तास, आठवड्याला एक सुट्टी. जीएनएमला आमच्याकडे हाच रेट आहे."

मी बायोडेटा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. महिन्याचे 26 दिवस, रोजचे 12 तास, म्हणजे 312 तास. 15,500 भागिले 312. तासाला पन्नास रुपयेसुद्धा होत नव्हते. आता मी आठ तास करते, मला तासाला 110 पडतात. कागद त्यांच्याकडे सरकवला.

"सर, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली होती. 50 पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना 20 हजारांच्या खाली देऊ नये, असं तिनं सांगितलंय."

"शिफारस आहे ती सिस्टर, कायदा नाही."

हे खरंच आहे, आणि तिथंच सगळं अडतं. पण ती आकाशातून पडलेली नव्हती, आमच्याच नर्सेसच्या संघटनेनं कोर्टात जाऊन मिळवली होती. मी म्हटलं, आठ तासांचे 22 द्या, उद्या येते. ते 17 वर आले. बारा तास तसेच. "बाहेर अजून चौघी बसल्यात," म्हणाले आणि पुढं, "जॉइन होताना ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करावी लागतील. वर्षाचा बाँड आहे."

ओरिजिनलचं नाव काढल्यावर माझे हातपाय गार पडले. पहिल्या नोकरीत नऊ हजारांवर मी हेच केलं होतं. सरकारी भरतीच्या कागदपत्र तपासणीला मूळ नोंदणी प्रमाणपत्र हवं होतं, ते कपाटात कुलूपबंद. महिन्याचा पगार सोडला तेव्हा हातात पडलं, तोवर तपासणीची तारीख निघून गेली होती. ती जागा माझी होती की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

"नाही जमणार सर," एवढंच म्हणाले. आवाज कापत होता, तरी म्हणाले. मेट्रन मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली ते मला फार लागलं. रात्री व्हेंटिलेटरवरच्या पेशंटजवळ कोण हवं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

बाहेर बाकावर चौघी होत्या. टोकाची अगदी नवी, नुकतीच पास झालेली असावी. मांडीवर फाइल घट्ट धरलेली. हळूच म्हणाली, "ताई, किती देतायत हो?"

आमच्यात पगार कुणी कुणाला सांगत नाही. म्हणूनच आत बसलेल्यांचं फावतं. मी तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं: साडेपंधरा, मग सतरा, बारा तास, बाँड, माझा आत्ताचा पगार, 20 हजारांचं ते. बाकीच्या तिघीही जवळ सरकल्या. सर्टिफिकेटांचं सांगितलं तेव्हा त्या मुलीनं फाइल उघडली, प्लास्टिकच्या कव्हरातून ओरिजिनल एकेक करून काढली आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली. फाइलीत फक्त झेरॉक्स ठेवल्या. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं.