पेपर एकतर्फी वाटला तर वाचकाने काय करावे?

तालुक्याच्या गावी मी एकोणीस वर्षे एका दैनिकाचा वार्ताहर होतो. ते काम सोडून बराच काळ लोटला, तरी लग्नाच्या मांडवात किंवा एसटी स्थानकावर भेटणारी माणसे अजूनही तोच प्रश्न विचारतात: आमच्या गावच्या बातम्या एकतर्फी का येतात, आणि वाचकाने त्यावर करायचे तरी काय? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

लोकांचा समज असा असतो की पुढाऱ्याचा फोन येतो आणि बातमी थांबते. असे फोन येतात, पण क्वचित, कारण त्यांची गरजच फारशी पडत नाही. तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो. जे मानधन मिळते त्यात पेट्रोलचाही खर्च निघत नाही, आणि घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर. या जाहिराती देतात नगरसेवक, पतसंस्थेचे अध्यक्ष, साखर कारखान्याचे संचालक, शिक्षणसंस्थांचे चालक, म्हणजे ज्यांच्या कारभाराची बातमी करायची तीच माणसे. दिवाळी पुरवणीच्या जाहिरातीसाठी सकाळी ज्याच्या ओसरीवर बसलो, त्याच्या संस्थेतील नोकरभरतीची तक्रार संध्याकाळी लिहायला घेतली की शब्द सौम्य होत जातात, आणि पुष्कळदा ती तक्रार कागदावर उतरतच नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या हातून असे झाले आहे आणि त्याची खंत मला आहे.

असाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर चर्चेत आला तो २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा, आणि तोही बातमी म्हणून, छापला गेल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. चव्हाण यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रांतील जाहिरातींपोटी अवघे ५,३७९ रुपये दाखवलेले होते. चव्हाण यांनी आरोप नाकारला, आणि निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. मला अधिक लागले ते दुसरेच. भारतीय वृत्तपत्र परिषद (प्रेस कौन्सिल) ही वृत्तपत्रांच्या वर्तनावर लक्ष ठेवणारी संस्था; तिच्या दोन सदस्यांच्या समितीने पैसे घेऊन छापल्या जाणाऱ्या बातम्यांवर अहवाल तयार केला, पण परिषदेने २०१० मध्ये त्याचा संक्षेप तेवढा प्रसिद्ध केला; संपूर्ण अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. त्या दिवसांपासून आमच्या गावात कोणतीही बातमी छापून आली की चहाच्या टपरीवर ‘किती घेतले?’ असे विचारले जाऊ लागले. पुढे पाणीयोजनेतील गैरव्यवहाराची बातमी मी कागदपत्रांसह दिली, तेव्हा तीही विरोधी गटाने छापून आणली असेल म्हणून लोकांनी बाजूला ठेवली.

एकदा चौकात आमच्या अंकांची होळी झाली. मोर्चातील गर्दीचा आकडा कमी छापला, हा मोर्चेकऱ्यांचा राग होता, आणि तो अनाठायी नव्हता. मी मोर्चाला गेलो नव्हतो, पोलिसांकडून मिळालेला आकडा तसाच पुढे पाठवला होता. परंतु त्या होळीनंतर मुख्य कार्यालयाने खप घटला का एवढेच विचारले, तो घटलेला नव्हता, आणि विषय तिथेच संपला. जळालेल्या अंकांचे नुकसान विक्रेत्याने सोसले.

याउलट एका निवृत्त शिक्षकांनी तीन महिने आमच्या तालुका पानाची वही ठेवली. कोणत्या गावाची बातमी आली, किती ओळींत आली, छायाचित्र कोणाचे होते, दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेतले होते का, हे ते रोज टिपून ठेवत. त्या वहीप्रमाणे गावाबाहेरच्या दलित आणि पारधी वस्त्यांची नावे आमच्या पानावर आली होती ती फक्त चोरी, मारामारी आणि साथीच्या बातम्यांत. वस्तीवरचा हातपंप बंद असल्याचा अर्ज गुरुजींनी स्वतः माझ्या हाती दिला होता. त्याची एक ओळही नव्हती. मी कोणत्याच पक्षाची बाजू घेत नाही, म्हणजे मी निःपक्षपाती आहे, असे तोवर मला मनापासून वाटत असे. जे छापले गेले नाही त्यातला पक्षपात मला त्या वहीने दाखवला.

ही तक्रार जुनी आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात डॉ. आंबेडकरांनी लिहिले की मुंबई इलाख्यातील बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात. अशा वेळी स्वतःचे पत्र काढणे हा एक मार्ग होता; सत्यशोधक चळवळीतील मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेले ‘दीनमित्र’ हे पत्र तर नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून चालवले. आज मोबाइलमुळे स्वतःची वाहिनी काढणे सोपे झाले आहे, आणि आमच्याही तालुक्यात तशा बऱ्याच निघाल्या, पण त्यांतल्या पुष्कळ त्याच जाहिरातदारांच्या आधाराने चालतात.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो की आधी संपादकाला लेखी पत्र पाठवा. तारीख, पान, चुकीचे वाक्य आणि गाळलेली माहिती नेमकी लिहा, पुरावा जोडा, स्थळप्रत जवळ ठेवा. दाद मिळाली नाही तर दैनिकाविरुद्ध मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद दंड करू शकत नाही, समज देऊ शकते किंवा ताशेरे ओढू शकते. तरीही संपादकाला लेखी खुलासा करावा लागणे ही लहान गोष्ट नव्हे, कारण मग तो वार्ताहराला जाब विचारतो.

हातपंपाची बातमी मी पुढच्याच आठवड्यात दिली आणि ती तीन कॉलमांत छापून आली. पंप दुरुस्त व्हायला आणखी पाच महिने गेले. गुरुजींनी तीही तारीख वहीत लिहिली.