पाच वर्षं अमेरिकेत, आणि गोष्टी मेक्सिकोच्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हे विचारणारे तुम्ही पहिले नव्हेत. भाची विचारते, वाचनालयात सकाळी पेपर धरून बसणारे निवृत्त मास्तर विचारतात. गेल्या मे महिन्यात मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी तर सोलकढीची वाटी खाली ठेवून विचारलं, "काका, तुम्ही पाच वर्षं कॅलिफोर्नियात होतात ना? मग डिस्नेलँड नाही, हॉलिवूड नाही, तुमचं आपलं जेव्हा बघावं तेव्हा मेक्सिको. असं का?"

प्रश्न रास्त आहे. 1987 ते 1992 मी सॅन डिएगोत होतो. आधी एम.एस., मग नोकरी. त्यातले मेक्सिकोतले दिवस मोजले तर जेमतेम साठ-सत्तर भरतील. बाकीची वर्षं प्रयोगशाळेत, ग्रंथालयात आणि चार जणांत मिळून घेतलेल्या एका दमट फ्लॅटमध्ये गेली. ती वाईट गेली असं मुळीच नाही. पण सांगण्यासारखी नाहीत.

आधी समुद्राचं सांगतो. मी सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचा. वेळागरच्या वाळूत वाढलेला, त्यामुळे विमानात बसतानाच ठरवलं होतं की पोचल्यावर पहिल्या रविवारी समुद्रात उतरायचं. ला होयाच्या किनाऱ्यावर गेलो, धावत पाण्यात शिरलो आणि तेवढ्याच वेगानं ओरडत बाहेर आलो. ऑगस्टचं ऊन डोक्यावर आणि पाणी विहिरीच्या तळाचं. उत्तरेकडून थंड प्रवाह येतो म्हणून तिथला समुद्र उन्हाळ्यातही गार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दहा-बारा वर्षांची पोरं काळे रबरी सूट घालून फळ्यांवर लाटा घेत होती आणि मी, समुद्राकाठचा म्हणवणारा, टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसलो होतो. संध्याकाळ झाली तेव्हा मात्र जीव शांत झाला, कारण सूर्य बरोबर समुद्रात बुडाला. माझ्याबरोबरच्या मद्राशी मुलाला त्याचं कौतुक. त्याच्या समुद्रातून सूर्य वर येतो. मला वाटलं, चला, एवढं तरी घरच्यासारखं आहे.

पुढं सवय झाली. जुना सूट विकत घेतला, छातीखाली धरायची छोटी फळी घेतली. जूनमध्ये तिथं महिनाभर ढग येतात, सकाळी सगळा किनारा राखाडी असतो आणि पाऊस मात्र थेंबभर पडत नाही. पहिल्या वर्षी मी वेड्यासारखी वाट बघितली. ढग आले की पाऊस यायला हवा, हे हाडात मुरलेलं.

पण त्या किनाऱ्यावरची माझी खरी मिरास म्हणजे ग्रुनियन. हे वीतभराहून थोडे लहान, चांदीसारखे मासे. मार्च ते ऑगस्टमध्ये पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या तीन-चार रात्री, भरती उतरणीला लागली की लाटेबरोबर थेट वाळूवर येतात. मादी शेपटी खाली करून वाळूत उभी रुतते, अंडी घालते, नर तिच्याभोवती वेटोळा घालतात, आणि पुढच्या लाटेवर सगळे परत. अंडी दहा-पंधरा दिवस ओल्या वाळूत राहतात आणि पुढच्या उधाणाला पाणी तिथवर पोचलं की फुटतात. पकडायचे तर नुसत्या हातांनी, जाळं चालत नाही, आणि एप्रिल-मे तर तेव्हा पकडायला बंदीच. आता, अमुक रात्री येतील हे पोरांना कळायचं कसं? माझ्या भिंतीवर आईनं पाठवलेलं कालनिर्णय होतं. मी तिथी बघून सांगायचो आणि आयोवा राज्यातून आलेला माझा अमेरिकन खोलीसोबती मला काहीतरी सिद्धी प्राप्त आहे असं समजायचा. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. उधाणाची भरती कधी आणि भांगाची छोटी भरती कधी, हे आमच्याकडं शाळेत जायच्या आधी कळतं, यात सिद्धी कसली!

तर हा आयोवाचा, एक नागपूरकर आणि मी, असे तिघं. नागपूरकरानं बावीस वर्षांचा होईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता आणि पाहिल्यावर "एवढंच?" म्हणाला होता. गाडी आयोवाची, 1972 ची फोक्सवॅगन बीटल. सॅन डिएगोपासून सीमा पंचवीस किलोमीटर. तिथल्या कॉलेजातली पोरं शुक्रवारी रात्री सीमेपलीकडच्या तिहुआना शहरात कशासाठी जात, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. अमेरिकेत दारूला वय एकवीस, पलीकडं अठरा. आम्ही कॉलेजात असताना आरोंद्याहून तरीतून किरणपाणीला कशाला जायचो? गोव्यात बाटली स्वस्त म्हणूनच. येताना अबकारी नाक्यावर चेहरा किती भोळा करायचा याचाही सराव होता. आजीचं माहेर पेडण्याचं, 1961 च्या आधी तिला माहेरी जायचं तर पोर्तुगीजांच्या राज्यात जावं लागे. सीमा म्हणजे काय, पलीकडचा माणूस आपलाच असतो पण कागद वेगळे, हे आमच्या घरात नवीन नव्हतं.

आम्ही मात्र तिहुआनात थांबत नसू. सीमेआधी एका टपरीवर दिवसाच्या हिशेबानं मेक्सिकोचा गाडीचा विमा काढायचा, कारण अमेरिकेतला तिकडं चालत नाही, आणि सरळ किनाऱ्याच्या रस्त्यानं एन्सेनादा. शंभर किलोमीटर, उजव्या हाताला समुद्र. वाटेत पुएर्तो नुएवो नावाचं गाव, जिथं घराघरात शेवंड, म्हणजे लॉबस्टर, तळून देत, बरोबर भात, घेवड्याची उसळ आणि गरम तोर्तिया, म्हणजे त्यांची पोळी. एन्सेनादाच्या मासळी बाजारापाशी गाड्या लागलेल्या. पिठात बुडवून तळलेला मासा, त्यावर चिरलेला कोबी, तिखट चटणी, वरून लिंबू. पुष्कळ गाड्यांवर तो मासा म्हणजे मुशी, छोटा शार्क, आमच्याकडची मोरी. मोरीचं मटण खाऊन वाढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? पाच खाल्ले तेव्हा गाडीवाल्या बाईंनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं आणि भराभर स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू. सिनालोआचा का? सिनालोआ म्हणजे मेक्सिकोतलंच एक राज्य.

इथं तुमच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. सॅन डिएगोत मला रोज कोणी ना कोणी विचारायचं, कुठला आहेस, आणि मी सांगितलं की पुढं हत्ती, साप, गरिबी असं काहीतरी निघायचं. लोक चांगले होते, मनापासून विचारायचे. पण मी रोज स्वतःची ओळख करून देणारा पाहुणा होतो. सीमेपलीकडं मला कोणी तसं काही विचारतच नसे. रंग तोच, मिशी तशीच, आणि बसायची पद्धतही बहुधा तशीच. मी तिथला नाही असं मलाच सांगावं लागायचं, आणि तेही जपून, कारण तिथं 'इंदियो' म्हणजे मूळचे आदिवासी. भारतातला माणूस मग तो मुसलमान असो की ख्रिस्ती, 'हिंदू'. माझ्या वर्गातल्या एका केरळी ख्रिस्ती मुलाला हे ऐकून फार हसू यायचं.

भाषाही अर्धी ओळखीची निघाली. साबण म्हणजे हाबोन, चावी म्हणजे यावे, आणि पगार म्हणजे चक्क पैसे चुकते करणं. पोर्तुगीजांनी आमच्या घरात जे शब्द टाकले होते त्यांची ही चुलत भावंडं. आंब्याच्या फोडींना, काकडीला तिखट-मीठ-लिंबू लावून कागदात देत. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत देत. चिंचेच्या गोळीला तिखट. आयोवाचा एकेक चाखून डोळे पुसायचा. दोन दिवस तो माझ्यावर अवलंबून असे, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

सगळ्यात मोठी सहल 1990 च्या मार्चमधली, आठवड्याच्या सुट्टीत. बाहा कॅलिफोर्निया या मेक्सिकोच्या द्वीपकल्पाच्या पार टोकापर्यंत जाणारा रस्ता 1973 साली पुरा झाला, सतराशे किलोमीटर. आम्ही त्याच्या साधारण अर्ध्यापर्यंत जायचं ठरवलं. एन्सेनादाच्या पुढं जायला कागद लागत म्हणून वकिलातीतून आम्हा दोघांचे व्हिसा काढले. आईला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "थंय आपला कोण आसा?" नागपूरकराला हे सांगितलं तर तो म्हणाला, सांग, आमच्या वर्ध्याचे खानखोजे होते. खरंच होते. गदर पक्षाचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे 1920 च्या दशकात मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, आणि तिथला मोठा चित्रकार दिएगो रिवेरा यानं शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांचं चित्र काढलं. आईला यातलं काही सांगितलं नाही. तीन मिनिटांच्या ट्रंककॉलमध्ये बसण्यासारखं नव्हतं.

त्या रस्त्यावर ट्रक मागून आलेल्याला डावा दिवा लावून वाट देतात. पहिल्यांदा पुढच्या ट्रकचा डावा दिवा लागला तसा आयोवाच्यानं ब्रेक मारला, त्याला वाटलं ट्रक डावीकडं वळतोय. मी मागून ओरडलो, "अरे जा, जा, तो साईड देतोय!" आपल्याकडं हेच उजव्या दिव्यानं चालतं. अर्थात कधीकधी तो खरंच वळत असतो, ते ओळखायचं कसं हे मला शब्दांत सांगता येणार नाही. त्यानंतर गाडी मीच चालवली.

कातावीन्याच्या पुढं, घराएवढाल्या धोंड्यांच्या आणि निवडुंगांच्या मुलखात, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. पंख्याचा पट्टा तुटला होता. बीटलच्या इंजिनला पाणी नसतं, तो पंखाच त्याला थंड ठेवतो, म्हणजे पुढं एक मैलही जाणं नाही. जादा पट्टा आमच्याकडं नव्हता. का नव्हता यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मी रस्त्याकडेला सिरियो नावाच्या झाडाच्या काडीएवढ्या सावलीत जाऊन बसलो. उलटं खोवलेलं गाजर असतं ना, तसं ते झाड. एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं वाकून बघितलं, आम्हाला पाणी दिलं, हातवारे करून सांगितलं की बसून राहा, हिरवे येतील. तिथं सरकारची हिरव्या गाड्यांची गस्त असते, 'हिरवे देवदूत' असं तिचं अधिकृत नाव, आणि ते रस्त्यात अडलेल्यांची गाडी फुकट दुरुस्त करून देतात, सुट्या भागाचे तेवढे पैसे. मला हे ऐकून हसू आलं. सरकारी माणूस, भर वाळवंटात, फुकट!

उन्हं कलली तेव्हा खरंच आले. खाकीत नव्हे, हिरव्यात. बीटल बघून तो माणूस खुशीत आला, कारण ती गाडी मेक्सिकोतच, पुएब्लाच्या कारखान्यात बनत होती आणि तिथं तिला घरातल्या कुत्र्यासारखं लाडाचं नाव आहे, 'वोचो'. पट्टा त्याच्या पेटीत होताच. वीस मिनिटांचं काम. मी वर काही द्यायला गेलो, त्यानं माझा हात तसाच मिटून परत केला आणि तोच प्रश्न विचारला. सिनालोआचा का?

गेर्रेरो नेग्रोला पोचलो. तिथल्या खाडीत उत्तर ध्रुवाकडून हजारो किलोमीटर पोहत करडे देवमासे पिल्लं घालायला येतात. एकोणिसाव्या शतकात देवमासे मारणाऱ्यांनी त्यांची याच खाडीत शिकार करून वंश संपवत आणला होता. आम्ही किनाऱ्यावरून, मागून आणलेल्या दुर्बिणीतून बघितले. दिसायचं थोडं, पाठ आणि फवारा. पण वारा पडला की त्यांचा श्वास ऐकू यायचा. आणखी दक्षिणेला सान इग्नासियोच्या खाडीत 1972 साली पाचिको मायोराल नावाच्या कोळ्याच्या होडीशी एक देवमासा आपण होऊन आला आणि त्यानं त्याला हात लावला, तेव्हापासून तिथं लोक जातात. तिथवर जायला आमच्याकडं दिवस उरले नव्हते.

मला मात्र देवमाशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं धरून ठेवलं. गावाबाहेर मिठागरं होती. नजर पोचेपर्यंत. जगातल्या सगळ्यात मोठ्या मिठागरांपैकी ती एक. पद्धत आमच्याकडचीच: खाजण, बांध, खारं पाणी, ऊन, वारा. फक्त आमच्याकडं फळीनं ओढतात, तिथं घरांएवढे ट्रक, आणि मीठ जातं जपानला. मी त्या बांधावर उभा राहिलो आणि पाच वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं मला रडू आलं. नागपूरकर म्हणाला, काय झालं बे? मी म्हटलं, वारा.

परतताना सीमेवर दोन तासांची रांग. गाड्यांमधून बायका-पोरं चिकलेट्स आणि प्लॅस्टरचे गल्ले विकत फिरत. आयोवाचा खिडकीतून दोन शब्द बोलला, "यू.एस. सिटिझन", झालं, तेव्हा त्यांना एवढंच पुरे. आम्हा दोघांना बाजूला घेतलं, पासपोर्ट, कॉलेजचे कागद, शिक्के. मी चेहरा भोळा केला. पिशवी उघडायला लावली. फिल्मच्या रिळाची काळी डबी निघाली, तिच्यात पांढरं काहीतरी. अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग डबीकडं. चिमूट बोटावर घेऊन जिभेला लावली.

"सॉल्ट," तो म्हणाला.

"येस," मी म्हटलं.

ती डबी 1992 मध्ये शिरोड्याला आली. आईनं झाकण काढून हुंगलं, चाखलं आणि शेजारणीला हाक मारली, "ऐकलंस गो? 1930 साली हंय मिठासाठी लोक लाठये खाल्ले, आणि माझो झील मीठ परदेशातसून घेवन इलो!" मग तिनं ते तारलीच्या तिखल्यात टाकलं. जेवताना मी विचारलं, कसं आहे? म्हणाली, "मीठच मा ता?"