ग्रेपवाइन बंद आहे

गुरुवार, २३ फेब्रुवारी २०२३

सकाळी सव्वासातला चिऊ अंगणातून ओरडत आली, "आई, साबुदाणा पडतोय!"

बाहेर जाऊन बघते तर खरंच. गारा म्हणाव्यात तर तेवढ्या टणक नाहीत, बर्फ म्हणावा तर भुरभुर नाही. पांढरे गोल दाणे गाडीच्या बोनेटवर पडून टुणटुण उड्या मारत होते. चिमटीत धरला की चुरा, आणि लगेच पाणी. याला ग्राउपल म्हणतात, हे मला ऑफिसात गेल्यावर कळलं. बारा वर्षं लॉस एंजेलिसच्या आसपास काढली, पण या शब्दाची कधी गरजच पडली नव्हती.

चिऊने स्टीलच्या वाटीत ते दाणे भरले आणि वाटी फ्रीजरमध्ये नेऊन ठेवली. बाबाला दाखवायचे म्हणून. बाबा, म्हणजे निखिल, कालच डिलेनोकडे गेलाय. महिन्यातून दोन दिवस तिकडच्या द्राक्षबागांची ठिबक बघायला जातो. चांगली गाडी अर्थात तोच घेऊन जातो.

ऑफिसात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. हॉलिवूडच्या त्या पांढऱ्या अक्षरांपाशीही दाणे पडले, त्याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. वर हवामान खात्याने उद्या पहाटेपासून परवा दुपारपर्यंत आजूबाजूच्या डोंगरांसाठी चक्क ब्लिझर्डचा, म्हणजे बर्फाच्या वादळाचा, इशारा दिलाय. इथल्या कार्यालयाने याआधी असा इशारा दिला होता तो १९८९ साली. आमच्यातला एक जण मिनेसोटाचा. तो दिवसभर हसत होता. "अरे, याला तुम्ही थंडी म्हणता?" बाकीचे मात्र दोन दोन स्वेटर चढवून बसले होते. मी तीन.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

पहाटे निखिलचा मेसेज: "ग्रेपवाइन बंद. आज बेकर्सफील्डलाच."

ग्रेपवाइन म्हणजे आमचा कसारा घाट समजा. आमच्या व्हॅलेन्सियापासून उत्तरेला निघालं की पाच नंबरचा हायवे डोंगरात शिरतो, टेहोन खिंडीत चार हजार फुटांच्या वर चढतो आणि पलीकडे एकदम खाली सपाट मैदानात, बेकर्सफील्डकडे, उतरतो. तिथून पुढे सगळी कॅलिफोर्नियाची शेती. या शहराचा भाजीपाला, दूध, फळं, निम्मं बाजारहाट याच घाटातून येतं. घाट बंद झाला की पलीकडे ट्रकच्या रांगा लागतात. पूर्वेला टेहाचापीचा रस्ता आहे, पण तोही डोंगरातलाच. पश्चिमेकडून समुद्रकाठच्या १०१ वर येऊन वळसा घालता येतो. मग सव्वा तासाच्या रस्त्याला पाच-सहा तास. मी निखिलला म्हटलं, मुकाट्याने मोटेलात झोप.

नाव ग्रेपवाइन का, तर त्या घळीत रानद्राक्षांच्या वेली माजलेल्या असायच्या. स्पॅनिश लोकही तिला द्राक्षांचीच घळ म्हणायचे. निफाडच्या मुलीला आयुष्यभर पुरेल एवढा हा योगायोग आहे, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिथून जाताना मी निखिलला तो इतक्या वेळा ऐकवला की आता त्या वळणावर तोच आधी म्हणतो, "हो, माहितीये, द्राक्षं."

चार वाजता बरबँकच्या ऑफिसातून निघाले. एरवी पस्तीस-चाळीस मिनिटं. घरी पोचले आठ वाजायला दहा मिनिटं कमी असताना.

आधी वायपरची गंमत. जुनी गाडी वर्षभर उन्हात उभी असते. वायपरचं रबर पावसाने झिजत नाही इथे, उन्हाने करपतं. जानेवारीतल्या पावसातच ते करकरायला लागलं होतं, आणि मी "बदलू" म्हणत दीड महिना काढला. आज डाव्या वायपरची पट्टी मध्येच सुटली आणि सुतळीसारखी काचेवर आपटत राहिली. उजवा पाणी पुसायचा नाही, नुसतं पसरवायचा. समोरच्या गाड्यांचे लाल दिवे काचेवर गुलालासारखे माखलेले. मी मान वाकडी करून त्यातल्या एका स्वच्छ फटीतून बघत होते.

सन व्हॅलीपाशी सगळं थांबलं. रस्त्यावर पाणी. ज्या उपनगराचं नावच सूर्यावरून ठेवलंय तिथे हायवेचं तळं व्हावं, याला काय म्हणायचं? रेडिओवर सिगअलर्टमागून सिगअलर्ट, म्हणजे रस्ता तुंबल्याच्या सूचना. हा शब्द इथे आल्यावर मला 'सिग्नल'चा लघुरूप वाटायचा. प्रत्यक्षात लॉइड सिगमन नावाच्या रेडिओवाल्या गृहस्थाने १९५५ मध्ये ही सूचना द्यायची पद्धत काढली, त्याचं नाव त्याला चिकटलं. ट्रॅफिक जॅममुळे अमर झालेला माणूस! तास-सव्वा तास एका जागी बसले की असल्या गोष्टी आठवतात.

माझ्या पुढे उघड्या टपाची गाडी होती. टप अर्थात लावलेला, पण कापडी. आत बसलेली बाई एका हाताने टॉवेल वर दाबून धरत होती. थोड्या वेळाने हात बदलायची. मग चालवणाऱ्याने सिग्नलला थांबल्यासारखी हँडब्रेक लावून तिच्याकडून टॉवेल घेतला, खिडकीतून बाहेर पिळला आणि परत दिला. दोघंही हसत होते. मला त्यांचं बरं वाटलं.

नंतर वाचलं, बरबँकच्या विमानतळावर आज साडेचार इंचांच्या वर पाऊस झाला. मुंबईकर म्हणेल, मग? जुलैतला एक मंगळवार. पण शहराच्या मध्यभागी वर्षाकाठी सरासरी पाऊसच १४ इंचांच्या आसपास, त्यातला तिसरा हिस्सा एका दिवसात ओतला तर कुठे जाणार? इथली नदी सुद्धा सिमेंटची. १९३८ च्या पुरानंतर तिला काठ-तळ बांधून टाकलं, पाणी लवकर समुद्रात पळावं म्हणून. एरवी तिच्यात पोरं सायकली चालवतील एवढं कोरडं असतं. आज तपकिरी पाणी नुसतं धावत होतं. रस्त्यांचं तसं नाही. त्यांच्यावरचं पाणी बिचारं जिथे पडेल तिथे थांबतं.

न्यूहॉल खिंडीत पाच आणि चौदा नंबरचे हायवे एकमेकांवरून जातात. ते उंच पूल १९७१ च्या भूकंपात बांधता बांधता पडले, पुन्हा उभारले, १९९४ मध्ये पुन्हा पडले. आता आहेत ते भूकंपासाठी मजबूत केलेले, डोळे झाकून विश्वास ठेवावा असे. त्याच पुलांखालून आज मी ताशी आठ मैलांनी गेले, कारण आभाळातून पाणी पडत होतं.

चिऊ शेजारच्या आर्मेनियन आजींकडे मसुरीचं सूप पिऊन, त्यांच्याच शालीत गुंडाळून टीव्ही बघत बसली होती. मला बघून म्हणाली, "इतक्यात आलीस?"

नऊ वाजता निफाडला आप्पांना फोन लावला. तिकडे शनिवारचे साडेदहा. ते बागेतच होते, माल तोडणं चाललेलं, मागे क्रेटचे आवाज.

"काय गं, तुमच्याकडं बर्फ पडला म्हणं? टीव्हीवर दाखवत्यात."

"डोंगरावर, आप्पा. निखिल पलीकडंच अडकलेत."

"पाहुणे हायेत ना निवाऱ्याला? जेवले का?" मग लगेच मुद्द्यावर. "तिथल्या बागवाल्यांचं कसं मग? शेकोट्या पेटवल्या का नाय?"

मला हसू आलं, आणि एकदम अंगावर धूर आल्यासारखंही झालं. मी आठवीत असतानाची थंडी. निफाडचा पारा दोन-तीन अंशांवर, पहाटे तीनला आप्पा उठवायचे. त्यांची कानटोपी माझ्या भुवयांपर्यंत यायची. बांधाबांधाने ओला काडीकचरा रचलेला असायचा, तो पेटवायचा तो जाळासाठी नाही, धुरासाठी. बागेवर धुराची चादर राहिली की थंडी खाली बसत नाही म्हणत. मग विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडायचं. उजाडल्यावर आप्पा घडाखाली हात धरून एकेक मणी बघत जायचे. तडकलेला मणी बोटाला लागला की काही बोलायचे नाहीत, नुसता पुढचा घड हातात घ्यायचे.

"आप्पा, इथल्या वेली आत्ता झोपल्यात. नुसत्या काड्या. पान नाही, मणी नाही. त्यांना थंडी लागतेच, नाहीतर वसंतात नीट फुटत नाहीत."

"हां. त्यांची वेल झोपती." थोडं थांबून म्हणाले, "आपली कधी झोपतच नाय बघ. एप्रिलात खरड छाटायची, ऑक्टोबरात गोडी. उन्हाच्या जिवावर वर्षभर जागी ठेवलेली ती. मग एवढ्याशा थंडीनं तिचा जीव जातो."

कांद्याचं विचारलं तर म्हणाले, "कांद्याचं नाव काढू नको." आणि फोन ठेवून मजुरांकडे वळले.

मिनेसोटावाल्याचा आज दिवसभरात एकही विनोद आला नाही. चारला निघताना पार्किंगमध्ये दिसला होता, चेहरा पडलेला. त्याला १४ नंबरने पामडेलला जायचं होतं.

शनिवार, २५ फेब्रुवारी

घाट अजून बंद. कुठले रस्ते बंद ते दाखवणारा क्विकमॅप उघडून बघायची सवयच लागलीय, दूध उतू जातंय का बघावं तशी.

सकाळी ढग थोडे वर सरकले आणि मागचे डोंगर दिसले. पांढरे. अगदी खालपर्यंत. रोज जे डोंगर मातकट, वाळक्या गवताचे दिसतात, ते असे अनोळखी होऊन उभे होते, आणि अख्खं गाव त्यांना बघायला गाड्या काढून निघालं होतं. म्हणजे बर्फ नसलेल्या रस्त्यावरही वाहतूक तुंबली, बर्फ बघणाऱ्यांची. मी नावं ठेवत ठेवत चिऊला घेऊन त्याच रांगेत उभी राहिले. मग किराणा दुकानाच्या पार्किंगमधूनच बघून घेतलं. तेवढ्यात तीनचार कण आमच्या बाहीवर पडले. चिऊने जीभ बाहेर काढली ती पंधरा मिनिटं आत घेतलीच नाही.

वायपर आणायला गेले. फळी रिकामी. फक्त मागच्या काचेचे छोटे उरलेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सोमवारी येतील, माल घाटापलीकडे अडकलाय.

निखिलचा फोटो आला. बेकर्सफील्डच्या गुरुद्वारात लंगरला बसलाय, डोक्याला रुमाल, शेजारी तीन सरदारजी ट्रकवाले. त्या भागात पंजाबी ट्रकवाले पुष्कळ. सगळेच अडकलेले, सगळ्यांच्या गाड्या भरलेल्या. एकाच्या ट्रकमध्ये म्हणे नुसती लेट्यूस आहे आणि तो दर दोन तासांनी उठून गारव्याचं यंत्र तपासून येतो. बाहेर एवढी थंडी असताना! निखिलने दाल दोनदा घेतली असं लिहिलंय. आप्पांना पाठवून दिलं, जेवल्याचा पुरावा.

रात्री इडलीचं पीठ काढायला फ्रीज उघडला. पीठ खालच्या कप्प्यात होतं, चुकून वरचा फ्रीजर उघडला. वाटीतल्या साबुदाण्याचा एकच गोळा झालाय, वर थोडं पाणी होऊन पुन्हा गोठलंय, आणि कुणीतरी त्यावर मटारची पिशवी ठेवलीय. मीच असणार. पिशवी उचलून बाजूला केली. चिऊ झोपलीय. उद्या विचारेल तेव्हा सांगेन.