जिनिंगच्या रांगेत पोलीस

२ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला. म्हणून २ ते ८ जानेवारी आमच्याकडे रेझिंग डेचा, म्हणजे पोलीस स्थापना दिनाचा सप्ताह असतो. शाळेची पोरं ठाण्यात येतात, रायफल आणि वायरलेस पाहतात, लॉकअपच्या गजांना हात लावून जातात. त्याच महिन्यात रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम येतात. दोन्हींचा साचा ठरलेला : सभागृह, बॅनर, हार, भाषण. यंदा ठाणेदार साहेबांनी बॅनर गाडीतच ठेवला आणि आम्हाला जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या गेटवर उभं केलं. नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या या पट्ट्यात कापसाच्या हंगामात माणूस तासन्‌तास थांबतो तो तिथंच. सभागृहात बोलावलेला शेतकरी घड्याळाकडे पाहतो. वजनकाट्याच्या रांगेतल्याला जायला जागाच नसते.

काम होतं ट्रॉल्यांना आणि बैलबंड्यांना रिफ्लेक्टर पट्ट्या लावायचं. मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी. ट्रॉलीला मागचा दिवा बहुधा असतो, पण ट्रॅक्टरकडून येणारी वायर तुटलेली असते. ताशी ६० किलोमीटरनं येणारी मोटरसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत आणि गाडी थांबेपर्यंत ४० ते ४५ मीटर लागतात. डीपरच्या उजेडात मातकट ट्रॉली त्याच्या आत आल्यावरच दिसते. पट्टी शंभर मीटरवरूनही चमकते, सगळा फरक तेवढाच.

पट्टी चिकटवणं मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. पहाटे पत्र्यावर दव असतं, त्यावर लावलेली पट्टी दुपारी निघून येते. म्हणून ऊन तापल्यावरच हात घातला. आधी तारेच्या ब्रशनं गंज आणि सुटलेला रंग काढायचा, मग थिनरच्या फडक्यानं ग्रीस पुसायचं, पत्रा कोरडा होऊ द्यायचा आणि पट्टी मधून कडेकडे दाबत न्यायची. पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल कापले तर कापसाच्या गाठोड्याला अडकून उचकटत नाहीत.

जागा चुकली तर सगळी मेहनत वाया. बहुतेक जण पट्टी मागच्या फाळक्यावर, म्हणजे उघडणाऱ्या झडपेवर लावून घेतात, कारण तिथं सपाट जागा मिळते. पण ट्रॉली भरली की कापूस बाहेर येतो, वरून ताडपत्री लोंबते आणि पट्टी झाकली जाते. फाळका खाली सोडला तर ती जमिनीकडे तोंड करते. त्यामुळे आम्ही ती चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या मागच्या आडव्या चॅनेलवर, दोन्ही टोकांना लावली. दोन टोकं चमकली की मागून येणाऱ्याला रुंदी कळते. मधोमध एकच तुकडा असेल तर लांबून तो दुचाकीचा दिवा वाटतो.

बंडीच्या लाकडावर पट्टी टिकतच नाही. तिथं पत्र्याच्या पट्टीवर चिकटवून ती खिळ्यांनी ठोकायची, तीही खालच्या आडव्या लाकडाला, कारण वर कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा भरला की तो लोंबतो.

दुसरं सांगणं दगडांचं. ट्रॉली रस्त्यात पंक्चर झाली की चाकाखाली आणि मागं दगड ठेवतात. चाक बदललं की ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात आणि रात्री दुचाकीवाला त्यावर पडतो. लाकडी गुटका ठेवा आणि तो दोरीनं ट्रॉलीलाच बांधा, म्हणजे विसरला तरी मागं फरफटत येतो. पोलीस पाटलांनी हे लगेच उचललं आणि दोन गुटके गावच्या सुताराकडून करून घेतो म्हणाले.

साडेदहाच्या सुमारास रांगेतले एक काकाजी मोबाईल घेऊन आले. "सायेब, हे मेसेज कायचे व्हय? पैसे गेले काय माहे?" आदल्या रात्री गावच्या ग्रुपवर पीएम किसानची यादी म्हणून फाइल आली होती. नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. उघडताना त्यांनी मेसेज वाचायची परवानगी दिली आणि तिथून ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागले. आधी विकलेल्या कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे त्याच खात्यात होते. तीन व्यवहार झाले होते, शेवटचा अर्ध्या तासापूर्वी.

काकाजींचं म्हणणं, काटा झाल्यावर पाहू, रांगेतला नंबर जाईल. ही अडचण खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. गेटवाल्याकडे त्यांचा नंबर राखून ठेवला, तेव्हा ते बाजूला बसले.

आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला. पुरावा राहावा म्हणून ॲप काढलं नाही. स्क्रीनचे आणि मेसेजचे फोटो दुसऱ्या फोननं घेतले. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं, म्हणजे पुढचे ओटीपी त्या ॲपला मिळत नाहीत. त्यातून ##००२# लावून कॉल फॉरवर्ड बंद केलं. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तिथं बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लागतो. तो हाताशी नसला की इथंच वेळ जातो. फोन चालू असताना एक शिपाई बँकेच्या शाखेशी बोलून खातं गोठवत होता. गूगलवर बँकेचा नंबर शोधायचा नाही, पासबुकावरचाच लावायचा. शोधून मिळालेला नंबर पुष्कळदा दुसऱ्या ठगाचा निघतो.

घाई यासाठी, की पैसा दुसऱ्या कुणाच्या नावावरच्या, भाड्यानं घेतलेल्या खात्यात पडतो, तिथून तुकडे होऊन पुढं सरकतो आणि शेवटी एटीएममधून रोख निघतो. १९३० ची तक्रार त्याच वाटेनं बँकेमागून बँकेत जाते आणि जिथं रक्कम सापडेल तिथं धरते. रोख निघाली की धरायला काही उरत नाही. काकाजींचे दोन व्यवहार पुढच्या खात्यांत अडकले, पहिला गेला.

तेवढ्यात रांगेतल्या पाच-सहा जणांनी आपापले मोबाईल पुढं केले. तीच फाइल त्यांच्याकडेही आलेली होती, उघडलेली नव्हती. ग्रुपच्या ॲडमिनला तिथूनच फोन लावून ती सगळ्यांसाठी डिलीट करायला लावली.

काकाजींचा काटा दुपारी झाला. तिथून ते ठाण्यात आले आणि १९३० च्या तक्रारीच्या पोचपावतीचा क्रमांक, पासबुकाची प्रत, आधार आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून लेखी तक्रार दिली. धरलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी बहुधा न्यायालयात अर्ज करावा लागतो, आदेश झाला की बँक रक्कम सोडते. तो अर्ज आम्ही तिथंच लिहून घेतला.